मुर्झाची लांब साखळी

मुर्झा गुलेदानीला लहानपणापासून एकच दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव अंझोर. अंझोर त्याचा मामेभाऊ, थोडा धाकटा, आणि एका भिंतीपलीकडे राहणारा. आमच्या छालेरी गावात सणाला चर्चच्या अंगणात गोल दगड उचलायची रीत आहे. मुर्झाने तो गुडघ्यापर्यंत आणला, त्याच वर्षी अंझोरने छातीला लावला. मुर्झाच्या घराला लागून असलेल्या दगडी बुरुजाचं छप्पर वादळात उडालं, अंझोरच्या बुरुजाची एक फळीसुद्धा हलली नाही. मुर्झाला गाता येत नव्हतं असं नाही, पण अंझोरने सूर लावला की लोक मुर्झाला म्हणायचे, "जरा गप्प बस, ऐकू दे." माणूस तसा वाईट नव्हता हो. कुणाकडे तार जळली, पंप बसला, तर हातातला घास टाकून धावायचा. फक्त अंझोरचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायचं आणि ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

त्यालाही चांगले दिवस आले होते, ते क्रिप्टोच्या यंत्रांनी आणले. आमच्या डोंगरात विजेचं बिल कुणाला येत नाही. मुर्झाने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि खालच्या कुताइसी शहरातून ग्राफिक्स कार्डांचं पहिलं यंत्र टॅक्सीत घालून आणलं. यंत्र अखंड गणितं सोडवत बसायचं, आणि सोडवल्याबद्दल जगातल्या कुठल्याशा जाळ्यातून त्याच्या खात्यात नाणं पडायचं. ते पाहून गाव वेडं झालं. घरोघरी मुर्झानेच यंत्रं लावून दिली. फळ्यांची मांडणी तोच ठोकायचा, खिडकीत पंखे तोच बसवायचा, खातं उघडायचे गुप्त शब्द पाठ करून घ्यायचा तोच. गायी गोठ्याबाहेर गेल्या आणि गोठ्यात पंखे घोंघावू लागले. मेजवानीत मुर्झाला वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसवत, आणि अंझोर खाली, पोरासोरांत. ती दोन वर्षं मुर्झा उत्तम झोपत असे.

मग ऐन नाताळात यंत्रांच्या भाराने गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा बसवला, तोही जळाला. बाळंतिणीच्या खोलीत अंधार, दुधाची यंत्रं बंद. शेवटी गावचे वडील ओनिसे आजोबा यांनी चर्चमधून संत गिओर्गीची तसबीर बाहेर काढली, आणि प्रत्येक घराने तिच्यावर हात ठेवून शपथ घेतली, की घरात मोठं यंत्र चालवणार नाही. सरकारचे कागद आमच्याकडे चुलीत जातात, पण तसबिरीवरची शपथ माणूस मेल्यावरही त्याच्या घरादाराला धरून राहते. मुर्झानेही शपथ घेतली. आपली आणि गावकऱ्यांनी कवडीमोल भावाने विकलेली सगळी यंत्रं त्याने बुरुजाच्या तळात रचली आणि वर गोधड्या घातल्या. हळूहळू मेजवानीतली त्याची जागाही खाली सरकली.

त्याच हिवाळ्यात अंझोरचा पाय मोडला. पर्यटकांना बर्फावर घसरायला शिकवता शिकवता स्वतःच घसरला. प्लास्टरातला पाय खुर्चीवर ठेवून तो लॅपटॉप घेऊन बसला, आणि वसंतात काठी टेकत उठला तेव्हा गावाला त्याने एक नवं नाणं दिलं. मुर्झा बायकोला म्हणाला, "याचा पाय मोडला तरी याचं भलंच होतं! माझा मोडला असता तर नुसता लंगडा झालो असतो."

त्याची बायको मारेख पीठ मळत होती. "तू पाय मोडून तरी बघ. घरात शांतता नांदेल," ती म्हणाली.

नाण्याचं नाव अंझोरने ठेवलं कोश्की, म्हणजे आमच्याकडचा दगडी बुरूज. कोड त्याने काही आकाशातून आणला नव्हता. जगात असे कोड उघडे पडलेले असतात, कुणीही वाचावेत, घ्यावेत, बदलावेत. त्यातलाच एक जुना, साधा त्याने घेतला आणि गावाच्या मापाने कापून शिवला. आमच्याकडे उन्हाळ्यात गवत कापायला एकमेकांच्या कुरणावर जायची पद्धत आहे, आणि कोण कुणाकडे किती दिवस गेलं यावरून दर वर्षी दोन-चार घरांत अबोला. अंझोरने ठरवलं की दुसऱ्याच्या कुरणावर एक दिवस राबलं की एक कोश्की. ती या खात्यातून त्या खात्यात गेली की त्याची नोंद घरोघरच्या जुन्या लॅपटॉपवर एकाच वेळी. नोंदी जमल्या की त्यांचा एक ब्लॉक, तो आधीच्या ब्लॉकला जोडलेला, तो त्याच्या आधीच्याला, अशी साखळी. मधलं एक अक्षर बदललं तरी पुढचं सगळं तुटणार. ब्लॉक जोडण्यासाठी लॅपटॉपांनी एक कोडं सोडवायचं, ज्याला सुटेल त्याला गावातर्फे एक नवी कोश्की. आणि कोडं असं अवघड ठेवलेलं, की सगळ्या गावाला मिळून दिवसाला दोनच ब्लॉक सुटावेत, गायी जातात तेव्हा एक आणि येतात तेव्हा एक, साधारण.

मुर्झाने कोड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला, चूक सापडावी म्हणून. कोड सुरेख होता, आणि त्यामुळे त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला काहीतरी सापडलं, आणि तो काठीवाल्या अंझोरच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"तुझा नियम काय? ज्या साखळीत जास्त गणित, ती खरी. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझ्यासारख्या कुणी मोठं यंत्र लावलं, तुझ्या पंचवीस लॅपटॉपांपेक्षा जोरात गणितं सोडवली, आणि मागच्या एखाद्या ब्लॉकपासून आपली वेगळी साखळी काढून ती तुझ्या साखळीपेक्षा लांब केली तर? सगळे लॅपटॉप तुझी साखळी टाकून त्याची घेतील. मोठ्या नाण्यांना ही भीती नसते, त्यांच्यामागे सगळ्या जगाची यंत्रं असतात. तुझ्यामागे काय आहे?"

अंझोर हसला. तो हसला की गालाला खळी पडायची, तीही मुर्झाला आवडत नसे. "शपथ आहे ना, भावा. मोठं यंत्र कोण लावणार? आपल्या साखळीला संत गिओर्गीचं कुलूप आहे."

मुर्झाला वाटलं होतं अंझोर म्हणेल, ये, बस, दोघं मिळून दुरुस्त करू. तो तसं म्हणाला नाही. आणि मला येऊ दे असं स्वतःहून म्हणायला मुर्झाची जीभ रेटली नाही.

उन्हाळा लागला आणि सगळं गाव कोश्कीच्या नादी लागलं. आता अंझोर घरोघर जायचा. सगळ्यांत मौज झाली झाबुली आत्याकडे. ही विधवा म्हातारी, मुलं तिबिलिसीला, कुरण चढावरचं, आणि गवत कापायला अंगात बळ नाही. दर वर्षी दारोदार जाऊन विनवण्या करायची आणि त्यापायी वर्षभर मान खाली घालून वावरायची. अंझोरने तिच्या नातवाचा जुना लॅपटॉप झाडूनपुसून चालू केला, खातं काढून दिलं, आणि ते उघडायचे बारा गुप्त शब्द तिच्याकडून पाठ करून घेतले. कुठे लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत. आत्याने कुठे लिहिले नाहीत. तिने ते चर्चमधल्या प्रार्थनेच्या चालीत बसवले आणि धारा काढताना खणखणीत आवाजात गायला लागली. आठवड्यात अख्ख्या आळीला पाठ झाले. अंझोरला नवं खातं काढावं लागलं.

"आत्या, आता मनात म्हण, मनात!" तो हात जोडून म्हणाला.

"मनात म्हटलं तर गाय दूध देत नाही रे," आत्या म्हणाली, आणि सगळी आळी हसली. मुर्झाही तिथेच होता, तिच्या खोलीत प्लगची तार ओढत. तार कुणी ओढली हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि मग आत्याच्या त्या खोकणाऱ्या लॅपटॉपला एक ब्लॉक सुटला. गावात तिची कोश्की सगळ्यांत गाजली. आत्याने ती लगेच खालच्या घरच्या तरण्या भावांच्या खात्यात टाकली, की चार दिवसांनी येऊन माझं कुरण कापा. विनवणी नाही, काही नाही, हक्काने. त्या आनंदात तिने मांस भरलेल्या रोट्या, कुबदारी, भाजल्या आणि सगळ्यांना बोलावलं. पहिला प्याला देवाला, दुसरा देवदूतांना, तिसरा संत गिओर्गीला, हे नेहमीचंच. पण चौथा प्याला ओनिसे आजोबांनी उचलला आणि म्हणाले, "हा आपल्या अंझोरला. म्हाताऱ्या बाईची मान याने वर केली." सगळे उभे राहिले. मारेखही उभी राहिली, आणि तिचे डोळे पाणावले होते.

मुर्झाही उभा राहिला. दोन वर्षं या लोकांच्या गोठ्यात त्याने गुडघे फोडून घेतले होते, आणि चौथा प्याला कधी त्याच्या नावाने उचलला गेला नव्हता. स्वतःची बायको परक्या पुरुषासाठी डोळे पुसते आहे, हेही त्याने पाहिलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुबदारी मात्र त्याने तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मारेख कुरणावर गेली. खाली ओढ्यावरची लाकूडगिरणी करकरत होती, तिच्या आवाजात दुसरं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मुर्झा बुरुजाच्या तळात उतरला आणि त्याने गोधड्या काढल्या. आपण शपथ मोडत नाही, अशी त्याने आपली समजूत घातली. शपथ परदेशी नाण्यांसाठी होती, हे तर गावाचं नाणं. पंखे फिरायला लागले, गरम वारा तोंडावर आला, आणि त्याला फार दिवसांनी बरं वाटलं. झाबुली आत्याच्या ब्लॉकच्या आधीच्या ब्लॉकपासून त्याने आपली साखळी काढली. आत्याचा ब्लॉक त्यात जाणार हे त्याला ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये. चांगलं ठाऊक होतं. पण त्याला डोळ्यांसमोर फक्त अंझोरचं उतरलेलं तोंड दिसत होतं. ब्लॉकांवर त्याने वेळा मागच्या टाकल्या, एकाही ब्लॉकात कुणाची नोंद घेतली नाही, बक्षिसाची कोश्कीही घेतली नाही, आणि गायी परतायच्या आत त्याची साखळी गावाच्या साखळीपेक्षा लांब झाली. मग त्याने ती जाळ्यात सोडली.

लॅपटॉपांना मुर्झा काय आणि अंझोर काय. जास्त गणित दिसलं, त्यांनी जुनी साखळी टाकली, नवी धरली. लोकांच्या कामाच्या नोंदी नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या रांगेत परत आल्या आणि पुढच्या ब्लॉकांत बसल्याही. पण पुसलेल्या ब्लॉकांतून जन्मलेल्या कोश्क्या मात्र जन्मल्याच नाहीत असं झालं. त्यातली एक झाबुली आत्याची. तिने ती पुढे दिली होती, ते देणंही वाऱ्यावर गेलं. खालच्या घरचे भाऊ म्हणाले, "खात्यात काही नाही, आत्या. बघू, सवड झाली की येऊ." हे 'बघू' ती तीस वर्षं ऐकत आली होती.

ती अंझोरकडे गेली नाही. लॅपटॉप पदराखाली झाकून ती मुर्झाकडे आली.

"मुर्झा, बाळा, तू बघ. तुला यातलं जास्त कळतं. तूच तर गावाला शिकवलंस हे सगळं."

नाताळापासून हे एक वाक्य ऐकायला मुर्झाचे कान आसुसले होते. ते आलं ते असं. त्याने आत्याने आणलेलं दही खाल्लं, लॅपटॉप उघडला, भुवया आवळून बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अंझोरच्या कोडमध्ये खोट आहे, आत्या. मी त्याला आधीच सांगितलं होतं."

"मला वाटलं माझ्यातच काही खोट असेल, म्हणून संताने परत घेतली," आत्या म्हणाली. ती उठून गेली तरी ते बोलणं घरात राहिलं.

दोन दिवस मुर्झाने सुख भोगलं. गाव अंझोरवर कुरकुरलं. कुणी म्हणालं, पाय मोडलेला माणूस गणित कसलं करणार. मुर्झाने पाणवठ्यावर तेच तेच चारदा ऐकलं. पण अंझोरने साखळी तपासली आणि चौकात सगळ्यांसमोर सांगितलं की खोट कोडमध्ये नाही. कुणीतरी मोठं यंत्र लावून दुसरी साखळी काढली आहे.

मोठं यंत्र म्हणताच कोश्कीचा विषय मागे पडला आणि शपथेचा पुढे आला. ओनिसे आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला. ते म्हणाले, "रविवारी तसबीर बाहेर येईल. प्रत्येक घरचा पुरुष हात ठेवून म्हणेल, की मी नाही. खोटं बोलेल त्याचं त्याच्यापाशी."

शनिवारी मारेखने त्याला चुलीपाशी गाठलं. "तू तर नाहीस ना काही केलंस?"

"मी? मी कशाला?"

"मग तळातल्या गोधड्यांच्या घड्या वेगळ्या का आहेत? मी घातल्या होत्या त्या. मला माझी घडी कळत नाही?"

मुर्झा चुलीतलं लाकूड सारू लागला. मारेख खाली बसली. "खोटी शपथ घेऊ नकोस रे. दुसरं काय वाटेल ते कर. मला पोरं नाहीत, पण माझ्या बहिणीला आहेत. हे कुणावर उलटेल सांगता येत नाही." मुर्झाला वाटलं तिला जवळ घ्यावं. त्याऐवजी तो लाकडं फोडायला गेला.

रविवारी अंगण माणसांनी भरलं. तसबीर पांढऱ्या कापडावर ठेवली होती. एकेक घर पुढे होत होतं, टोपी काढत होतं, हात ठेवत होतं. मुर्झाच्या पुढे चार घरं उरली, मग तीन. कबूल केलं तर या गावात पुन्हा मान वर करता येणार नाही. नाही केलं तर मारेख त्याच्याकडे ज्या नजरेने बघेल ती त्याला बघवणार नाही. दोन घरं उरली. त्याने मनाशी ठरवलं की हात ठेवायचा, आणि ओठ नुसते हलवायचे.

तेवढ्यात अंझोर काठी टेकत मधे आला.

"थांबा, आजोबा. शपथ नको. मी काल पुन्हा बघितलं. मोठं यंत्र वगैरे कुणी लावलं नाही. खोट माझ्याच कोडमध्ये होती. गावाला उगाच इथवर आणलं. माझी चूक आहे, मला काय ती शिक्षा करा."

अंगणातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ओनिसे आजोबा पुढे झाले आणि त्यांनी अंझोरला मिठी मारली. "चूक कबूल करायलाही छाती लागते. अशी माणसं आहेत म्हणून गाव उभं आहे." बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. कुणी अंझोरच्या पाठीवर थाप मारत होतं. झाबुली आत्याने दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

मुर्झा सुटला होता. कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. दोन पावलं मागे सरकला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्याने अंझोरच्या गालावरची ती खळी पाहिली, आणि पोटातली सगळी आग डोक्यात गेली.

"खोटं बोलतोय हा!" तो एवढ्याने ओरडला की घंटेवरची कबुतरं उडाली. "याच्या कोडमध्ये काही खोट नाही! एका ओळीची नाही! मी वाचलाय सगळा. मी केलं ते. माझ्या यंत्रांनी केलं, एका दिवसात केलं, या गावात ते दुसऱ्या कुणाला जमणारही नाही!" मग तो अंझोरकडे वळला आणि त्याचा आवाज फाटला. "गाव तुझं, चौथा प्याला तुझा. आता मी एक पाप केलं, तेही तूच नेणार?"

मारेखने डोळे मिटले, पण सुटल्यासारखा श्वासही घेतला. झाबुली आत्या सावकाश चालत मुर्झापुढे आली. तो गाल पुढे करून थांबला. तिने मारलं नाही.

"माझ्या पुढ्यात बसून दही खाल्लंस," ती म्हणाली. "माझं कुरण तू कापशील. एकटा. आणि मी तुझ्याशी बोलणार नाही."

ओनिसे आजोबांनी मुर्झाने संताला एक बैल वाहायचा असा दंड ठरवला आणि यंत्रं गावासमोर फोडायला लावली. त्याचं त्याला तितकंसं काही वाटलं नाही. आत्याच्या अबोल्याचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो लांब विळा घेऊन चढावरच्या कुरणात उभा होता. ऊन रणरणत होतं. अर्ध्या तुकड्यात आला असेल, तोच खालून काठीचा टकटक आवाज आला. अंझोर, एका हातात काठी, दुसऱ्या खांद्यावर विळा.

"तुला ठाऊक होतं," मुर्झा विळा न थांबवता म्हणाला.

"तुझ्या तळाची गरम हवा माझ्या ओसरीत येत होती. भिंत एकच आहे आपली." अंझोरने काठी जमिनीत रोवली. "तू गप्प राहिला असतास तर निभावलं असतं, भावा. चल, ती बाजू मी घेतो."

"एक पाऊल पुढे टाकू नकोस!" मुर्झा विळा आडवा धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं की कशाचं, त्यालाही सांगता आलं नसतं. "हे कुरण माझं आहे. माझ्या एकट्याचं. तू बस तिकडे."

अंझोर मोडका पाय लांब करून बांधावर बसला. मुर्झा पुन्हा कापू लागला. वरच्या घराच्या ओसरीवरून झाबुली आत्याचा आवाज आला, खणखणीत, धारा काढताना लागायचा तसा.

"अंझोर, ए अंझोर! त्या माणसाला सांग, डाव्या हाताला गवत राहिलंय!"

मुर्झाने दात आवळले, मागे फिरला, आणि डाव्या हाताचं गवत कापू लागला.